बर्फाचें माप

आम्ही देशावरचीं माणसें. बर्फ म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें येते ती लाकडाच्या भुशांत घोळून गोणपाटांत गुंडाळलेली लादी. आकाशांतून कापसासारखें उतरणारें बर्फ आम्हांपैकीं बहुतेकांनीं चित्रांतच पाहिलेलें असतें. पाऊस मात्र आम्ही मोजून ओळखतों. महाबळेश्वरास यंदा दोनशें इंच झाला कीं अडीचशें, आंबोलीनें त्यास गांठलें कीं नाहीं, असल्या वादांत आषाढांतले किती दिवस गेले असतील ह्याचा हिशेब नाहीं. म्हणून ज्या देशांत पावसाऐवजीं बर्फ पडतें तेथील लोकहि हाच वाद घालतात असें कळलें तेव्हां आम्हांस त्यांच्याविषयीं एकदम आपलेपणा वाटला. फरक एवढाच कीं आमच्या पावसाच्या आंकड्यावर सहसा कोणाचें दुकान चालत नाहीं. तिकडे पायांस लांब फळ्या बांधून डोंगरउतारावरून घसरत येण्याच्या खेळाचीं, म्हणजे स्कीचीं, ठाणीं आहेत. त्यांचा सारा व्यवहार बर्फावर अवलंबून; आणि ह्या हंगामांत आमच्या डोंगरावर अमुक इंच पडलें, हा आंकडा तीं मोठ्या अक्षरांत लावतात. हा आंकडा कोण मोजतो, कसा मोजतो, आणि दोन ठाण्यांचे आंकडे शेजारीं मांडून तुलना करणें कितपत सरळ आहे, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. आणि तो केवळ मनोरंजक नाहीं हें पुढें दिसेल.

सर्वांत मोठ्या आंकड्यापासूनच आरंभ करूं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत वॉशिंग्टन नांवाचें संस्थान आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे तेथील कॅस्केड पर्वतास आपटतात आणि हिवाळाभर आपलें ओझें त्याच्या अंगावर टाकीत राहतात. आमच्या सह्याद्रीचाच हा प्रकार; फक्त थंडीमुळें पाण्याचें बर्फ होतें. ह्या पर्वतांतील मौंट बेकर येथील स्कीच्या ठाण्यावर १९९८-९९ च्या हंगामांत एकंदर ११४० इंच बर्फ पडल्याची नोंद झाली. अकराशें चाळीस इंच म्हणजे ९५ फूट, जवळजवळ २९ मीटर. माणसांस वर नेणाऱ्या लोंबत्या खुर्च्यांची वाट मोकळी ठेवण्यासाठीं त्या वर्षीं तेथील नोकरांस बर्फ खणीत बसावें लागलें. ह्यापूर्वींचा उच्चांक त्याच संस्थानांतील मौंट रेनियरच्या पॅराडाइज नांवाच्या ठिकाणाचा होता. तेथें १९७१-७२ सालीं सुमारें ११२२ इंच मोजले गेले होते. मौंट बेकरचा दावा अमेरिकन सरकारच्या हवामानविषयक समितीपुढें गेला, तिनें चौकशी केली, आणि ऑगस्ट १९९९ मध्यें तो मान्य झाला.

आतां वाचकांनीं ह्या दोन आंकड्यांतील अंतर पाहावें. तें सुमारें अठरा इंच आहे. पंचाण्णव फुटांच्या बेरजेंत दीड फूट, म्हणजे शेंकडा दोनहूनहि कमी! एवढ्या अंतरावर जगाचा उच्चांक एका डोंगरावरून उठून दुसऱ्या डोंगरावर गेला. शिवाय एका ठिकाणीं मोजणारे सरकारी उद्यानाचे रक्षक होते आणि दुसऱ्या ठिकाणीं स्कीच्या ठाण्याचे नोकर. हे नोकर अप्रामाणिक होते असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. समितीनें त्यांची मोजणी ग्राह्य धरली, आणि ती न मानण्यास आम्हांजवळ कांहींच कारण नाहीं. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या वस्तूचें माप घ्यावयाचें ती वस्तु अठरा इंचांनीं निवाडा करण्याइतकी स्थिर आहे काय?

पावसाचें तसें नाहीं. पर्जन्यमापकांत पडलेलें पाणी सकाळीं मोजा कीं संध्याकाळीं मोजा, बाष्प होऊन उडेल तेवढें सोडलें तर तें तेवढेंच राहतें. बर्फ मात्र पडल्या क्षणापासून बसूं लागतें. त्याचे तारे मोडतात, वरचा थर खालच्यास दाबतो, ऊन लागलें तर अधिकच. कापूस पिंजून ठेवावा आणि रात्रींतून तो खालीं बसावा, तसा हा प्रकार आहे. मोजण्याची सर्वमान्य रीत अशी: वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागीं एक पांढरी रंगविलेली फळी ठेवावयाची, ठराविक वेळीं तिच्यावर सांचलेल्या बर्फांत काठी उभी करून इंच वाचावयाचे, मग फळी झाडून पुनः नव्या बर्फावर ठेवावयाची. रोजच्या ह्या आंकड्यांची बेरीज म्हणजे हंगामाची एकूण हिमवृष्टि. ही रीत दिसावयास अत्यंत सोपी आहे, आणि सारी गोम तिच्यांतल्या ‘ठराविक वेळीं’ ह्या दोन शब्दांत आहे. समजा, बारा तास सारखें हलकें बर्फ पडत आहे. एका माणसानें दर तासास फळी झाडली आणि प्रत्येक वेळीं त्यास एक इंच मिळाला, तर त्याची बेरीज बारा इंच झाली. दुसरा माणूस बारा तासांनंतर एकदांच गेला. तोंवर खालचे थर बसलेले असल्यामुळें त्यास नऊ किंवा दहाच इंच दिसतील. दोघांच्या डोक्यावर एकच वादळ, दोघेहि सत्यवादी, आणि तरी त्यांचे आंकडे भिन्न.

हा केवळ तर्क नव्हे. १९९७ च्या जानेवारींत न्यूयॉर्क संस्थानांतील ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेस असलेल्या टग हिल पठारावर, मॉन्टेग्यू ह्या गांवीं, एका हौशी निरीक्षकानें चोवीस तासांत ७७ इंच बर्फ मोजलें. अमेरिकेंतील चोवीस तासांचा जुना उच्चांक कोलोरॅडोमधील सिल्व्हर लेकचा, १९२१ च्या एप्रिलांतला, ७५.८ इंचांचा. तो मोडला म्हणून वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. परंतु चौकशींत असें निघालें कीं निरीक्षकानें चोवीस तासांत सहा वेळां फळी झाडली होती, आणि नियम फार तर चार वेळांचा. नोंद मोठी म्हणून राहिली, उच्चांक म्हणून गेली. ह्या निर्णयास आम्ही चूक म्हणत नाहीं, पण ज्या जुन्या आंकड्यानें आपलें सिंहासन राखलें त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सिल्व्हर लेकला साडेसत्तावीस तासांत ८७ इंच मोजले गेले होते, आणि त्यावरून त्रैराशिकानें चोवीस तासांचा वांटा काढण्यांत आला! म्हणजे अधिक वेळां मोजणारा हरला आणि ज्याच्या आंकड्याचा मागाहून हिशेब करण्यांत आला तो टिकला.

दुसरा घोटाळा एकूण वृष्टि आणि जमिनीवरील जाडी ह्यांचा. कॅलिफोर्नियांतील टॅमरॅक येथें १९११ च्या एकट्या जानेवारींत ३९० इंच बर्फ पडलें, आणि मार्चमध्यें जमिनीवर ४५१ इंचांचा थर उभा होता. जपानांतील इबुकी पर्वतावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजीं १,१८२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा मीटर जाडीचा थर मोजला गेला. वेधशाळेंत मोजलेल्या जाडीचा हा जागतिक उच्चांक आजहि अबाधित आहे. ह्या आंकड्यांची मौंट बेकरच्या ११४० इंचांशीं तुलना करणें म्हणजे एखाद्याच्या पेटींतील शिलकेची दुसऱ्याच्या वर्षभराच्या जमेशीं तुलना करणें होय. आल्प्स पर्वतांतील ठाणीं बहुधा शिलकच सांगतात: पायथ्याशीं इतकें, शिखरावर इतकें. अमेरिकेंतील ठाणीं जमा सांगण्यांत धन्यता मानतात. कोणी हंगाम म्हणजे जुलै ते जून असें पूर्ण वर्ष धरतो, कोणी ठाणें उघडल्यापासून बंद होईपर्यंतचे महिने धरतो. कोणाची फळी डोंगराच्या माथ्यावर, कोणाची मध्यावर, कोणाची गाड्या उभ्या राहतात तेथें. आणि मग सगळ्यांचे आंकडे एका कोष्टकांत उतरतात, पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक लागतात, आणि प्रवासी तें कोष्टक पाहून तिकीट काढतात.

तिकिटाचा उल्लेख आला म्हणून विक्रेत्याच्या हातांतील काठीविषयीं बोलणें प्राप्त आहे. झिन्मन आणि झिट्झेविट्झ ह्या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं स्कीच्या ठाण्यांनीं स्वतः जाहीर केलेले रोजचे हिमवृष्टीचे आंकडे गोळा केले आणि आठवड्याच्या वारांप्रमाणें लावून पाहिले. २००९ सालीं प्रसृत झालेल्या त्यांच्या निबंधाच्या पहिल्या आवृत्तींत निष्कर्ष असा होता कीं शनिवार-रविवारीं ठाणीं शेंकडा २३ इतकें अधिक नवें बर्फ पडल्याचें सांगतात. मेघांस वार कळत नाहींत. जाहिरात देणारास कळतात. ज्या ठाण्यांस सुट्टीच्या गिऱ्हाइकापासून अधिक लाभ, त्यांची अतिशयोक्तिहि अधिक. पुढची गोष्ट त्याहून मौजेची आहे. प्रवाशांच्या खिशांत नव्या तऱ्हेचे दूरध्वनि आले, डोंगरावर उभें राहूनच ‘येथें एवढें बर्फ नाहीं’ असें इतरांस कळविण्याची सोय झाली, तेव्हां हा फुगवटा झपाट्यानें उतरला. आणि जेथें दूरध्वनीची लाट चांगली पोंचत होती तेथें तो अधिक उतरला! पापभीरुत्वाचा असा पुरावा आम्ही तरी दुसऱ्या कोठें वाचलेला नाहीं. आतां पुष्कळ ठाण्यांनीं मोजकाठीसमोर कॅमेराच लावून ठेवला आहे. ज्याला पाहावयाचें त्यानें घरीं बसून पाहावें.

परंतु बर्फ मोजण्याचा आरंभ विक्रेत्यांनीं केला असें समजणें अन्यायाचें होईल. ह्या विद्येंतील एक आद्य पुरुष नेव्हाडा विद्यापीठांत लॅटिन शिकविणारा प्राध्यापक होता. त्याचें नांव जेम्स एडवर्ड चर्च. डोंगरांत हिंडण्याची त्यास आवड. रीनो गांवाजवळच्या मौंट रोज शिखरावर त्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हवामानाचीं यंत्रें नेऊन ठेवलीं. खालीं टाहो सरोवराच्या पाण्यावरून तंटा चालूं होता: कांठावर घरें असलेल्यांस पातळी वाढलेली नको, खालच्या शेतकऱ्यांस आणि वीज करणारांस पाणी हवें. वसंतांत डोंगरावरील बर्फ वितळून सरोवर किती चढेल हें आधीं सांगतां आलें तर तंटा निम्म्यानें मिटेल, हें ह्या लॅटिनच्या पंतोजीनें ओळखलें. त्यासाठीं इंचांची बेरीज निरुपयोगी. बर्फांत पाणी किती हें कळलें पाहिजे. म्हणून त्यानें एक पोकळ, खालीं दांते असलेली नळी तयार केली. ती बर्फाच्या थरांत जमिनीपर्यंत खुपसावयाची, आंतल्या गाभ्यासकट वर काढावयाची, आणि तोलावयाची. पुढें ह्या उपकरणाच्या नळीचा व्यास असा योजण्यांत आला कीं एक औंस वजन म्हणजे एक इंच पाणी. तराजूकडे पाहतांच उत्तर मिळावें. ‘मौंट रोज नळी’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध झालें आणि पश्चिम अमेरिकेंतील सगळी हिममोजणी त्यावर उभी राहिली.

ह्या नळीनें पाहिलें तर क्रमांकांचा रंगच पालटतो. दहा इंच बर्फ म्हणजे एक इंच पाणी हा जुना आडाखा. पण तो आडाखाच आहे. यूटा संस्थानांतील कोरडें बर्फ ह्याहून हलकें असतें, समुद्राजवळच्या कॅस्केड आणि सिएरा पर्वतांतील जड. एकाच पाण्याचें यूटांत जास्त उंच बर्फ होतें, म्हणून इंचांच्या शर्यतींत हलक्या बर्फास आयतीच आघाडी मिळते. (ह्या हलकेपणाचा यूटास मोठा अभिमान. ‘पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ बर्फ’ हें ब्रीद तें आपल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर छापतें. एका प्रसिद्ध सर्कशीनें, हें आमच्या ब्रीदाचें विडंबन आहे म्हणून, फिर्याद लावली होती, ती १९९९ सालीं अपिलांत यूटाच्या बाजूनें सुटली.) आडाखाच धरला तर मौंट बेकरचे अकराशें चाळीस इंच म्हणजे एकशें चौदा इंच पाणी; बर्फ जड म्हणून थोडें अधिक धरा. म्हणजे जगाचा हा हिमोच्चांक पाण्याच्या हिशेबानें आमच्या महाबळेश्वरच्या एका साधारण पावसाळ्यापुढें तोकडा पडतो! आणि चेरापुंजीस ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ ह्या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर, म्हणजे हजाराहून अधिक इंच पाऊस झाला होता. तेवढ्याचें बर्फ झालें असतें तर तें किती फूट भरलें असतें, ह्याचें गणित वाचकांनीं स्वतः करून पाहावें. अर्थात् ही तुलना आम्ही गंमत म्हणून करीत आहों. पावसाळ्याचें पाणी दुसऱ्या दिवशीं समुद्राच्या वाटेस लागतें. बर्फ डोंगरावर थांबतें आणि उन्हाळ्यांत हळूहळू उतरतें. टाहोच्या खालील शेतकऱ्यांस त्या थांबण्याचीच किंमत होती.

तिसऱ्या प्रकारचा मोजणारा ह्या दोघांहून निराळा, आणि त्याच्या चुकीची शिक्षा सर्वांत कठोर. यूटांतील आल्टा हें पूर्वीं चांदीच्या खाणींचें गांव. खाणींसाठीं डोंगरावरचीं झाडें तुटलीं आणि हिमकडे कोसळून माणसें गाडलीं गेलीं. खाणी बसल्या, गांव ओस पडलें, आणि १९३९ च्या जानेवारींत तेथें स्कीसाठीं खुर्च्यांची वाट सुरू झाली. ज्या उतारांनीं खाणवाल्यांचा बळी घेतला त्यांच्याच खालीं आतां सुट्टी घालविणारे लोक येऊं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर माँटी ॲटवॉटर नांवाचा, पहाडी सैन्यांत नोकरी केलेला गृहस्थ तेथें हिमरक्षक म्हणून आला आणि बर्फ केव्हां कोसळतें ह्याचा त्यानें पद्धतशीर शोध मांडला. केवळ किती इंच पडलें हें त्यास पुरेसें नव्हतें. तासास किती वेगानें पडलें, त्यांत पाणी किती, वारा कोणत्या बाजूचा, खालचा जुना थर कसा आहे, हें सगळें तो लिहून ठेवी. धोका वाढला कीं तोफेचे गोळे टाकून तो हिमकडा आपणच पाडावयाचा, म्हणजे माणसें खालीं नसतांना तो पडेल. आल्टाच्या आजच्या ठाण्यानें २०२२-२३ च्या हंगामांत ९०३ इंचांचा स्वतःचा उच्चांक जाहीर केला. जाहिरातींत हा आंकडा वैभव म्हणून मिरवतो. रक्षकांच्या वहींत त्याचा अर्थ वारंवार बंद पडलेला रस्ता आणि घराबाहेर पडूं नका असे हुकूम, असा होता.

मौंट बेकरनें उच्चांक केला तोच हिवाळा आल्प्समध्येंहि भरभरून आला होता. ऑस्ट्रियांतील टायरोल प्रांतांत पाझ्नाउन खोऱ्याच्या वरच्या टोंकास गाल्ट्यूर हें स्कीचें गांव आहे. जानेवारीच्या अखेरीपासून एकामागून एक वादळें आलीं. रस्ते बंद झाले, हजारों प्रवासी खोऱ्यांत अडकले. २३ फेब्रुवारी १९९९ रोजीं दुपारीं वरचा उतार सुटला आणि गांवांत शिरला. त्यांत ३१ माणसें मेलीं; दुसऱ्या दिवशीं जवळच्या व्हाल्त्सुर वस्तींत आणखी ७. जेथपर्यंत बर्फ येणार नाहीं असें सरकारी नकाशांत धरलें होतें, त्या जागेंतहि तें शिरलें. नकाशे काढणारे मूर्ख नव्हते. जुन्या नोंदींत जेवढें होतें तेवढें त्यांनीं धरलें होतें. पण त्या नोंदींत असा हिवाळा नव्हता. अमेरिकेंत त्याच ऑगस्टमध्यें समिती अठरा इंचांचा निवाडा करीत होती. दोन्ही कथा शेजारीं ठेवल्या म्हणजे मोजणी कशासाठीं हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि आमचें मत असें कीं हंगामाची बेरीज दोन गांवांची स्पर्धा लावण्यास जितकी कुचकामी, तितकीच एका गांवाची स्वतःशीं तुलना करण्यास अमोल आहे.

ह्याचें उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियांतील डॉनर घाट. त्या घाटांतून लोहमार्ग जातो, आणि गाडी चालेल कीं नाहीं हें कळावें म्हणून रेल्वेच्या नोकरांनीं १८७८ च्या सुमारापासून तेथील बर्फ मोजून ठेवलें. १९४६ सालीं जवळच सरकारी हिमप्रयोगशाळा निघाली; सध्यां ती कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आहे. जानेवारी १९५२ मध्यें ह्याच घाटांत ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आगगाडी दोनशेंहून अधिक माणसांसह बर्फांत रुतून तीन दिवस अडकली होती. प्रयोगशाळेच्या वहींत त्या हंगामाची बेरीज ८१२ इंच आहे. २०२२-२३ ची ७५४, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची. एकाच जागीं, एका रीतीनें, पिढ्यान्‌पिढ्या मोजलेल्या ह्या आंकड्यांस कोणी स्पर्धक नाहीं, म्हणून त्यांस फुगण्याचें कारणहि नाहीं. स्वित्झर्लंडांत दावोसच्या वर वाइसफ्लुयोख येथें समुद्रसपाटीपासून सुमारें २,५४० मीटर उंचीवर १९३६ पासून रोज सकाळीं अशीच फळी वाचली जात आहे. हिवाळा आखडतो आहे काय, बर्फाच्या जागीं पाऊस येतो आहे काय, ह्या आजच्या चिंतेचें उत्तर असल्या वह्यांतूनच निघतें. जाहिरातींच्या कोष्टकांतून तें निघणार नाहीं. पेकिंग येथें २०२२ सालीं झालेले हिवाळी ऑलिम्पिकचे स्कीचे सामने जवळजवळ सर्वस्वीं यंत्रानें बनविलेल्या बर्फावर झाले. तेथें आकाशाकडून किती इंच आलें हें विचारण्याचें प्रयोजनच उरलें नव्हतें.

आमच्या देशांत ह्या खेळाचें जुनें ठाणें काश्मिरांतील गुलमर्ग. तेथें १९२७ सालीं ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की क्लब काढला. तारेवरून जाणारी गाडी मात्र १९९८ सालीं सुरू झाली आणि २००५ मध्यें अफरवाटच्या उंच उतारापर्यंत पोंचली. २०२४ च्या जानेवारींत गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, घोडेवाले आणि हॉटेलवाले हात जोडून आकाशाकडे पाहत होते, आणि फेब्रुवारींत बर्फ आलें तेव्हां ठरलेले राष्ट्रीय हिवाळी सामने कसेबसे पार पडले. त्या महिन्यांत वर्तमानपत्रांतून ‘कित्येक वर्षांत असें झालें नव्हतें’ असें वारंवार छापून येई. कित्येक म्हणजे किती, हें डॉनर घाटांतला कारकून वही उघडून सांगूं शकला असता.

हिमालयांत वही ठेवण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें मात्र नाहीं. लष्कराच्या वाटा हिमकड्यांखालून जातात म्हणून १९६९ सालीं मनालीस बर्फ आणि हिमस्खलन ह्यांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था निघाली. २०२० मध्यें ती दुसऱ्या एका संस्थेंत विलीन होऊन नव्या नांवानें चालूं आहे. त्याहि पूर्वीं, १९४७ च्या सुमारास, हिंदुस्थान सरकारनें हिमालयांतील बर्फाची मोजणी कशी करावी हें विचारण्यासाठीं एका परदेशी पाहुण्यास बोलाविलें होतें. नद्यांना उन्हाळ्यांत किती पाणी येईल हें त्यांस आधीं जाणून घ्यावयाचें होतें. पाहुणा आला तेव्हां त्याच्या वयास अठ्ठ्याहत्तर वर्षें होत आलीं होतीं. तोच तो लॅटिनचा प्राध्यापक, जेम्स चर्च. टाहोच्या कांठीं जुळविलेली ती दांतेरी नळीची विद्या घेऊन तो हिमालय चढावयास निघाला होता.